तीन इंच दोन दिवसांत, उरलेला अर्धा इंच वर्षानुवर्षं
अमेरिकेच्या दक्षिणेतला १८८६ चा गेज-बदल: एक प्रकरण अभ्यास

३१ मे १८८६, सोमवार. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रेल्वे वाहतूक जवळपास थांबली होती, आणि ती ठरवून थांबवलेली होती. तो दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस मिळून साधारण ३६ तासांत ११,५०० मैलांच्या आसपास लोहमार्गाचा एकेक रूळ तीन इंच आत सरकवला गेला. थोडं आधी आणि थोडं नंतर बदललेले मार्ग धरले तर हा आकडा १३,००० मैलांपर्यंत जातो. ५ फुटांचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ४ फूट ९ इंचांवर आलं. रूळ सरकवायला एकही यंत्र नव्हतं. घण, खिळे उपटायची पहार, रूळ रेटायची पहार, लाकूड तासायचा वाकस, गेज मोजायची पट्टी आणि हातगाडी, एवढाच सरंजाम. यातलं प्रत्येक अवजार एरवीच्या रोजच्या देखभालीतही गँगच्या, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीच्या, हातात असायचंच.

या घटनेबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्या ३६ तासांवर थबकतात. मला त्यापेक्षा दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात: आधीच्या चार महिन्यांत स्लीपरांवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या लाकडांवर, काय झालं, आणि नंतरच्या वर्षांत उरलेल्या अर्ध्या इंचाचं काय झालं. रूळदेखभालीच्या अंगाने पाहिलं तर कठीण काम एका दिवसावर न ढकलता दोन्ही बाजूंना वाटून टाकण्याचा हा प्रकार होता.

पाच फुटांचा पसारा

दक्षिणेत ५ फुटांचं गेज आलं ते साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन ते हॅम्बर्ग या मार्गाबरोबर. होरेशिओ ॲलन हा त्याचा मुख्य अभियंता. १८३३ मध्ये पूर्ण झालेला १३६ मैलांचा हा मार्ग त्या वेळी जगातला सर्वांत लांब मानला गेला. त्याला जोडून जे मार्ग निघाले त्यांनी तेच माप उचललं आणि बघता बघता ते एका मोठ्या प्रदेशाचं माप झालं. उत्तरेत मात्र ४ फूट ८॥ (साडेआठ) इंच आणि त्याच्या आसपासची मापं रुजली.

यादवी युद्धापर्यंत हे चालून गेलं, कारण दक्षिणेतला बराच माल बंदराकडे जाऊन पुढे जहाजाने जात असे. युद्धानंतर उत्तर-दक्षिण मालवाहतूक वाढली आणि ओहायो नदीच्या काठावरची जोडठिकाणं तुंबायला लागली. तिथे दोन पर्याय होते. माल एका डब्यातून दुसऱ्यात हलवायचा, किंवा अख्खा डबा उचलून त्याखालच्या बोगी, म्हणजे चाकांचे सांगाडे, बदलायच्या. डबे उचलायची यंत्रं बसवली गेली, ती कामही करत होती. पण प्रत्येक डब्यामागे वेळ जायचा, दोन्ही मापांच्या बोगींचा साठा बाळगावा लागायचा, आणि परक्या बोगीवर बसवलेला डबा आपल्या मूळ बोगीवर जसा बसतो तसा बसेलच याची खात्री नसायची.

एक तिसरा मार्गही उत्तरेत वापरून झाला होता: रुंद पाट्याची ‘तडजोडीची’ चाकं, जी दोन जवळच्या मापांच्या रुळांवर कशीबशी चालायची. १८ डिसेंबर १८६७ ला न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळ एका प्रवासी गाडीचे शेवटचे डबे घसरले आणि ५० च्या आसपास माणसं गेली. शेवटच्या डब्याचं चाक फ्रॉगवर, म्हणजे एक रूळ दुसऱ्याला छेदतो त्या तुकड्यावर, रूळ सोडून गेलं होतं, आणि तो डबा अशाच तडजोडीच्या चाकांचा होता. ५ फूट आणि ४ फूट ८॥ इंच यांतलं अंतर तर कुठल्याही रुंद चाकाने भरून निघण्यासारखं नव्हतंच. मी हा अपघात इथे आणला तो अर्ध्या इंचाच्या प्रश्नासाठी. तो पुढे येईल.

फळी आधीच फुटायला लागली होती. इलिनॉय सेंट्रलने १८८१ च्या जुलैमध्ये केरोपासून न्यू ऑर्लीन्सपर्यंतचा सुमारे ५५० मैलांचा मार्ग एका दिवसात बदलून दाखवला. १८८५ मध्ये मोबाइल अँड ओहायोने तेच केलं. आता या दोन कंपन्यांचा माल ओहायोकाठी न थांबता पुढे जात होता आणि बाकीच्यांचा खोळंबत होता. स्पर्धेने जे काम केलं ते कुठल्याही समितीच्या ठरावाने झालं नसतं, असं माझं मत आहे. ठराव मात्र आला: २ आणि ३ फेब्रुवारी १८८६ ला अटलांटात कंपन्यांची बैठक झाली आणि तारीख ठरली. माप ठरलं ४ फूट ९ इंच.

अर्धा इंच का सोडला

४ फूट ८॥ इंच हे माप सगळ्यांना ठाऊक असताना अर्धा इंच जास्त का ठेवला? कारण पेनसिल्वेनिया रेलरोडचं माप तेच होतं, आणि उत्तरेकडे ज्या मोठ्या जाळ्याशी देवाणघेवाण व्हायची होती त्यात तिचा वाटा फार मोठा होता. ४ फूट ८॥ इंचांसाठी बनवलेली चाकं ४ फूट ९ इंचांच्या रुळावर चालत होती, हे अनुभवाने सिद्ध झालेलं होतं.

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. सरळ मार्गावर चाकाची कड, म्हणजे रुळाच्या आतल्या अंगाला खाली उतरणारा त्याचा ओठ, आणि रूळ यांच्यात तेवढी मोकळीक वाढली तर गाडी थोडी जास्त डुलते, कड आणि रूळ दोन्ही थोडे जास्त झिजतात. खरा धोका फ्रॉगपाशी असतो. तिथे चाकाला योग्य बाजूला धरून ठेवणारा रक्षक रूळ आणि चाकाची आतली बाजू यांचं अंतर जुळावं लागतं. ते जुळवलं की अर्धा इंच निभावतो. अँगोलाच्या डब्याला ज्या प्रकारची तडजोड करावी लागत होती तशी इथे नव्हती. चाकं तीच राहणार होती, फक्त रूळ किंचित सैल राहणार होता. काटेकोर माणसाला हे खटकेल, पण देखभाल करणाऱ्याला यात पळवाट दिसत नाही. मोठं काम मोठ्या मापात उरकायचं आणि शेवटची बारीक मापं नेहमीच्या फेरीत घ्यायची, ही त्याची रोजचीच रीत.

खिळ्यांचं गणित

सरकवायचा रूळ एकच, आणि तोही सगळीकडे एकाच बाजूचा: उत्तर-दक्षिण मार्गांवर पश्चिमेकडचा. दोन्ही रूळ दीड-दीड इंच आत घेतले असते तर मार्गाचा मध्य हलला नसता, पण काम दुप्पट झालं असतं. एकच रूळ घेतल्याने मध्य दीड इंच पूर्वेकडे गेला. फलाटापाशी तेवढी फट कमी-जास्त झाली, पुलांवर भार तुळयांवर किंचित एका अंगाला आला. दोन्ही गोष्टी खपून जाण्यासारख्या होत्या.

आता एका स्लीपरपाशी बसून पाहू. त्या काळच्या मध्यम वजनाच्या रुळाचा तळ साधारण ४ इंच रुंद. तळाच्या दोन्ही कडांना एकेक चौकोनी खिळा, ज्याचं डोकं पुढे येऊन तळाला दाबून धरतं. रूळ तीन इंच आत जाणार, म्हणजे त्याची नवी जागा जुन्या जागेवर फक्त एक इंचाने बसणार. यातून दोन गोष्टी निघतात, आणि सगळ्या तयारीचा आराखडा त्यांच्यावर उभा आहे.

पहिली म्हणजे नव्या जागेच्या आतल्या कडेचा खिळा उघड्या लाकडात येतो. तो आठवडे आधी ठोकून ठेवता येतो; फक्त डोकं इतकं वर ठेवायचं की रुळाचा तळ खाली सरकून बसेल. चाकाची कड रुळाच्या माथ्यापासून जेमतेम इंचभर खाली येते, तेव्हा स्लीपरालगतच्या या आगाऊ खिळ्याला ती लागत नाही आणि गाड्या नेहमीसारख्या जात राहतात. बाहेरच्या कडेचा खिळा मात्र आधी मारता येत नाही, कारण त्याची जागा जुन्या रुळाच्या तळाखाली झाकलेली असते. तो त्या दिवशीच मारावा लागणार.

दुसरी गोष्ट लाकडाची. वर्षानुवर्षं भार सोसून रुळाखालचं लाकूड दबलेलं असतं, जणू रुळाने स्वतःसाठी खोबण करून घेतलेली. रूळ तसाच आत ढकलला तर त्याची एक कड खोबणीत आणि दुसरी उंच लाकडावर, म्हणजे रूळ कलला. म्हणून नवी जागा वाकसाने जुन्या खोबणीच्या पातळीवर तासून घ्यायची. हेही आधीच, गाड्यांच्या मधल्या वेळेत.

राहिले जुने आतले खिळे. रूळ आत जाण्याच्या वाटेत आडवे येतात ते हेच. सगळे आधी काढले तर रूळ मोकळा होईल. म्हणून तयारीत दर तिसऱ्या स्लीपरवरचा ठेवून बाकीचे काढले गेले. दोन वर्षांत एकदा खिळे उपटायची पहार चालवलेल्या माणसालाही कळेल की गंजून लाकडात रुतलेला खिळा कधी पटकन निघतो आणि कधी डोकं तुटून आतच राहतो. ही अनिश्चितता त्या दिवसाच्या बाहेर काढणं हेच तयारीचं मर्म.

आकारमान लक्षात यावं म्हणून माझा एक ढोबळ हिशेब. स्लीपर दोन-दोन फुटांवर धरले तर मैलाला २,६४० होतात. ११,५०० मैलांना तीन कोटींच्या वर. प्रत्येकावर किमान एक नवा आतला खिळा, एक नवा बाहेरचा खिळा आणि वाकसाचे काही घाव. यातलं आतल्या खिळ्यांचं आणि तासण्याचं सगळं काम, आणि उपटण्याचं दोन-तृतीयांश, ३१ मे उजाडण्याआधी उरकलेलं होतं. बाहेरचे खिळेही पहिल्या झटक्यात प्रत्येक स्लीपरवर मारायची गरज नव्हती. गाडी हळू जाऊ शकेल इतके मारायचे आणि बाकीचे मागाहून.

ही वाटणी सुचायला मोठी प्रतिभा लागली असेल असं वाटत नाही. गँगच्या मुकादमाला हे सांगावंही लागलं नसेल. पण हजारो मैलांवर, वेगवेगळ्या कंपन्यांत, ती एकसारखी पार पाडून घेणं ही वेगळीच गोष्ट.

वळणांचा हिशेब

सरळ मार्गावर रूळ सांध्यांसकट एक सलग पट्टी म्हणून सरकतो. फिशप्लेटी, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, खोलाव्या लागत नाहीत. पट्टी लवचिक असते, तीन इंचांचा कल ती सहज घेते. वळणावर गोष्ट बदलते. वळणाची बाहेरची बाजू आत घेतली की त्रिज्या कमी होते आणि रूळ लांबीला जास्त होतो. आतली बाजू मार्गाच्या मध्याकडे घेतली की त्रिज्या वाढते आणि रूळ अपुरा पडतो. हा फरक त्रिज्येवर अवलंबून नसतो, फक्त मार्ग किती अंशांतून वळतो त्यावर असतो. ९० अंशांच्या वळणाला तो पावणेपाच इंचांच्या जवळ जातो, मग वळण लांबलचक असो की आखूड.

सरकणारा रूळ सगळीकडे एकाच बाजूचा असल्याने एका वळणावर तो बाहेरचा, पुढच्यावर आतला. लांब अंतरावर जास्त-कमी फिटून जातं. पण प्रत्येक वळणाच्या जागी मात्र सांध्यांतली फट आवळून किंवा सोडवून घ्यावी लागते, आणि ते पुरलं नाही तर रूळ कापावा लागतो किंवा तुकडा घालावा लागतो. त्यात मे संपत आलेला. तापलेल्या रुळांत सांध्यांची फट आधीच मिटलेली, म्हणजे लांबी जास्त झालेल्या वळणावर जागाच नाही. दुसरीकडे, हेच दिवस मोठे असतात आणि कापसाचा हंगाम अजून लांब असतो, म्हणून वाहतूक थांबवणं परवडतं. तारखेच्या निवडीत उजेड आणि हंगाम जिंकले, तापमान हरलं. मला तो सौदा बरोबर वाटतो. तापलेला रूळ पहाटे थंड मिळतो, डिसेंबरमधला उजेड कुठून आणणार?

गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते तिथले सांधे आणि फ्रॉग यांचं काम वेगळंच. तिथे एक पट्टी सरकवून भागत नाही, सगळी भूमिती बदलते. यार्डात म्हणूनच वेळ गेला आणि तिथेच कुशल माणसं लावावी लागली.

हातगाडीचा पेच

रूळ सरकत असताना गँगच्या पुढे ५ फुटांचा मार्ग असतो, मागे ४ फूट ९ इंचांचा, आणि मध्ये एक निमुळता तुकडा जो कुठल्याच मापाचा नाही. गँगची हातगाडी, चार माणसांनी दांडा वरखाली करून चालवायची ती, या तुकड्यावरून जाऊ शकत नाही. पुढची गाडी जुन्या चाकांची, मागची नव्या, हाच सरळ उपाय. सुदैवाने हातगाडी हलकी असते. चार जणांनी उचलून बाजूला ठेवायची वस्तू.

याच काळात देखरेखीवाले आणि तारयंत्र खात्याची माणसं तीन चाकांची एक गाडी वापरू लागले होते. मिशिगनमधल्या थ्री रिव्हर्सच्या जॉर्ज शेफील्डची ही कल्पना. तिची दोन चाकं एका रुळावर आणि तिसरं आडव्या दांड्याच्या टोकाला दुसऱ्या रुळावर. गेज बदललं की तिचा आडवा दांडा तीन इंच आखूड केला की झालं. मोटरवर चालणाऱ्या देखभालगाड्या अजून यायच्या होत्या. रूळ उचलून खडी ठासणारी यंत्रं तर पुढच्या शतकातली.

ही हातगाडी चालवणारी आणि पहार मारणारी माणसं कोण होती? दक्षिणेतल्या रूळदेखभालीच्या गँगमध्ये फार मोठा भरणा कृष्णवर्णीय मजुरांचा होता. रूळ रेटताना एकाने ललकारी द्यायची आणि सगळ्यांनी एका ठेक्यात पहार टेकून जोर लावायचा, ही पद्धत त्यांचीच. ते केवळ गाणं नव्हे, कामाची किल्ली होती. शेकडो किलोचा रूळ एकेकट्याच्या जोराने हलत नाही, सगळ्यांचा जोर एका क्षणी लागला तर हलतो. अटलांटाच्या बैठकीला कोण बसलं होतं याची नोंद राहिली, त्या तीन कोटी स्लीपरांवर वाकलेल्यांची जवळपास नाही.

चाकं

रुळापेक्षा चाकांचा प्रश्न खर्चिक. डब्यांची चाकं आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, दाबून बसवलेली असतात. ती हायड्रॉलिक प्रेसने दीड-दीड इंच आत रेटायची, तर आसावर तेवढी तासलेली जागा असायला हवी. बदल येणार हे दिसत असल्याने काही कंपन्यांनी नवे आस आणि नवी इंजिनं आधीपासूनच ही सोय ठेवून घेतली होती. इंजिनाच्या चाकाचा पोलादी टायर तापवून सैल करून आत सरकवता येतो, पण टायरखालचा चाकाचा घेर त्याला आधार देईल इतका रुंद हवा. मग ब्रेकचे ठोकळे, त्यांचे दांडे, सगळंच सरकवायचं. काही गाड्या आधीच नव्या मापाच्या करून उभ्या ठेवल्या गेल्या, जेणेकरून मार्ग तयार होताच काहीतरी धावू शकेल. बाकीच्या कार्यशाळांत येत राहिल्या. म्हणजे ‘दोन दिवसांत गेज बदललं’ हे रुळांपुरतंच खरं.

ते दोन दिवस आणि पुढे

लुईव्हिल अँड नॅशव्हिलने आपलं काम ३० मे, रविवारी उरकायला घेतलं. बाकीच्या बहुतेकांनी सोमवार-मंगळवारी. उरलेले खिळे उपटायचे, पट्टी आतल्या नव्या खिळ्यांना भिडेपर्यंत रेटायची, बाहेरून ठोकायचं, पुढे सरकायचं. गेजची पट्टी लावून पाहायची, पण खरं माप आधी ठोकलेल्या खिळ्यांनीच ठरवलेलं होतं. त्या दिवशी मोजणी करत बसायला लागू नये अशीच रचना होती. म्हणून या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे.

जूनच्या सुरुवातीला दक्षिणेतले डबे उत्तरेत आणि उत्तरेतले दक्षिणेत जाऊ लागले. मागे राहिलेलं काम मात्र भरपूर होतं. प्रत्येक स्लीपरला जुन्या खिळ्यांची भोकं पडलेली. त्यांत पाणी मुरून लाकूड कुजू नये म्हणून लाकडी खुंट्या मारायच्या. राहिलेले खिळे मारायचे, कललेले रूळ सरळ करायचे, वळणांवरच्या ओढलेल्या सांध्यांना पुन्हा हात घालायचा. आणि अर्धा इंच? त्याची वेगळी मोहीम कधी निघालीच नाही. कुजू नये म्हणून मसाला न दिलेलं लाकडी स्लीपर सहा-आठ वर्षांत बदलावं लागतं. जिथे स्लीपर बदलला, रूळ बदलला, तिथे गँगने नवं माप ४ फूट ८॥ इंच धरलं. वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांत ते सगळीकडे पोचलं. वेगळी तारीख लागली नाही, गाडीही थांबवावी लागली नाही.

मालाच्या आकड्यांवरून झालेल्या अलीकडच्या एका आर्थिक अभ्यासात असं दिसलं की गेज-बदलानंतर या मार्गांवरचा माल जहाजांकडून रेल्वेकडे मोठ्या प्रमाणात वळला, पण एकूण माल वाढला नाही आणि दरही उतरले नाहीत. दर कंपन्यांच्या संघटनेत संगनमताने ठरत होते. ज्या संघटनेमुळे सगळ्यांना एका तारखेला रूळ हलवता आले, तिनेच त्याचा फायदा ग्राहकापर्यंत जाऊ दिला नाही.